भाकर गेली, दवाखाना आला



गावात आरोग्य शिबिर भरले की दोन गोष्टी ठरलेल्या. पुरुषांच्या रांगेत कोणाची साखर वाढलेली निघते, कोणाचा रक्तदाब. बायांच्या रांगेत डोळ्याची पापणी ओढून 'रक्त कमी आहे' हे एकच वाक्य दिवसभर सांगितले जाते. मग शेवटी माईकवरून भाषण होते. 'तुम्ही लोक आहाराकडे लक्ष देत नाही. दूध प्या, फळे खा, डाळी खा, भरडधान्य खा. शहाणे व्हा.'

भरडधान्य खा! हे कोणाला सांगता? ज्याच्या पणजोबापासून घरात ज्वारीशिवाय दुसरे धान्य शिजले नाही त्याला? बरड रानात, आभाळाच्या भरवशावर जो हेच धान्य पिकवत आला त्याला? आमच्या ताटातली भाकर काढून घेणारे, तीच भाकर खा म्हणून आम्हाला उपदेश करतात. शेतकऱ्याला अडाणी ठरवले की धोरणाचा हिशोब द्यावा लागत नाही, ही यातली खरी खुबी आहे. आज तोच हिशोब मांडायचा आहे. दोन्ही बाजूंनी मांडायचा आहे, कारण आपल्याही खात्यावर काही बाकी निघते.

ज्वारी गेली कशी?

ज्वारी आपण होऊन गेली नाही. तिला घालवली. साठ-सत्तरच्या दशकांत ज्वारीवर लेव्ही होती. पिकवणाऱ्याने सरकारी भावाने सरकारला ज्वारी घालायची आणि जिल्ह्याबाहेर न्यायला बंधने. १९६४ साली सीएसएच-१ हे पहिले संकरित वाण आले, एकरी उतारा वाढला, पण वाढलेल्या ज्वारीला भाव कोणी दिला? १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेचा लाल मिलो आणि सुकडी खाऊन खडी फोडली ती पिढी अजून गावात बसलेली आहे. त्या दुष्काळानंतर कोरडवाहू धान्याला ताकद द्यायची सोडून देशाचा सगळा पैसा गहू आणि तांदूळ या दोन धान्यांवर लागला. पाणी त्यांना, खत त्यांना, खरेदी त्यांची, गोदामे त्यांची आणि रेशनच्या दुकानातली पोतीही त्यांचीच.

परिणाम काय झाला ते रानात दिसते. १९८० च्या सुमारास महाराष्ट्रात साठ लाख हेक्टरांच्या वर ज्वारी होती. आज त्याचा तिसरा हिस्सा उरला असेल-नसेल. विदर्भातली खरीप ज्वारी तर सोयाबीनने पार पुसून टाकली. शेतकऱ्याने हे हौसेने केले का? ऐन सोंगणीला पाऊस लागला की कणीस काळे पडते आणि व्यापारी तिला ढोराची ज्वारी म्हणून भाव करतो. दाणा भरताना पाखरे उतरतात, रात्री रानडुकरे आणि रोही. सोंगणीला, कणसे खुडायला मजूर मिळत नाही. पूर्वी ज्वारी तोट्यात गेली तरी कडब्यावर बैलजोडी जगायची. आता बैल गेले, ट्रॅक्टर आला, ट्रॅक्टर काही कडबा खात नाही. एवढे सगळे सोसून हाती येते काय? २०२५-२६ च्या हंगामाचा संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये आहे. कागदावर आहे. खरेदी केंद्र उघडेपर्यंत ज्याला थांबता येते त्याला तो मिळतो. ज्याला सावकाराचा तगादा आहे तो पहिल्या आठवड्यातच व्यापाऱ्याच्या काट्यावर माल घालून मोकळा होतो.

आता दुसरी बाजू बघा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना पाच किलो धान्य ठरले. तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो. जानेवारी २०२३ पासून तेही फुकट झाले. कायद्यात भरडधान्य लिहिलेले आहे बरे का! पण दुकानात येतो तो गहू आणि तांदूळ. कधी एखाद्या जिल्ह्यात, एखाद्या महिन्यात ज्वारी आली तर आली, नेमाने नाही. पाच माणसांच्या घरात महिन्याला पंचवीस किलो धान्य फुकट येते. तेवढीच ज्वारी हमीभावाने घ्यायची म्हटली तरी सव्वानऊशे रुपये पडतात, वर दुकानदाराचा नफा आणि दळण वेगळे. मजुराच्या घरी कोणते धान्य शिजेल हे सांगायला आहारतज्ज्ञ कशाला पाहिजे? तो मजूर अडाणी नाही, त्याला हिशोब येतो. त्या हिशोबातच ज्वारीचा भाव मेला, आणि भाव मेला म्हणून ज्वारी पेरणारा मेला.

गंमत पुढेच आहे. २०२३ हे साल भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. त्याच साली दिल्लीच्या अर्थसंकल्पात ज्वारी-बाजरीचे बारसे झाले, 'श्री अन्न'. परदेशी पाहुण्यांच्या मेजवान्यांत ते वाढले गेले. शहरातल्या काचेच्या दुकानांत रंगीत पाकिटांत ज्वारीचे चिवडे, ज्वारीची बिस्किटे आली. नाव श्रीमंत झाले, पिकवणारा होता तिथेच राहिला. इंडियाच्या ताटात ज्वारी औषध म्हणून गेली आणि भारताच्या ताटात पॉलिशचा तांदूळ आला.

तांदळाने काय केले?

तांदळाशी आमचे वैर नाही. कोकणातला, भंडारा-गोंदियाचा शेतकरी तो पिकवतो, तो आपलाच भाऊ आहे. पण कोंडा काढून पांढरा केलेला तांदूळ आणि आपली ज्वारी यांत फरक किती, हा हिशोब प्रत्येक घरात माहीत पाहिजे.

शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे चार मिलिग्रॅम लोह असते. पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमसुद्धा नसते. चोथा ज्वारीत दहा ग्रॅमच्या आसपास, तांदळात तीनच्याही खाली. बाईच्या शरीराला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते असे राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०२० चे कोष्टक सांगते. दिवसभर वेचणी करणारी बाई दोन वेळचे मिळून चारशे ग्रॅम धान्य खात असेल तर ज्वारीतून तिच्या पोटात सोळा मिलिग्रॅम लोह जाते, तांदळातून तीनही नाही. पोटात गेलेले सगळे लोह अंगी लागत नाही हे खरे, पण जे पोटातच गेले नाही ते अंगी लागायचा प्रश्नच येत नाही. गव्हाचे म्हणाल तर कोंड्यासकट दळलेल्या गव्हात लोह ज्वारीइतकेच असते. त्याचा मैदा केला की निम्म्याहून कमी राहते. म्हणजे दोष गव्हाचा नाही, चाळणीचा आणि कारखान्याचा आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली महाराष्ट्रातल्या शंभर बायांपैकी ४८ जणींना रक्तक्षय निघाला होता. २०१९-२१ च्या पाहणीत ५४ जणींना निघाला. मधल्या काळात योजना वाढल्या, गोळ्या वाढल्या, शिबिरे वाढली आणि रक्त कमी झाले! जंत, लागोपाठची बाळंतपणे, अंगावरून जाणे अशी दुसरीही कारणे आहेत. पण ताटातले कारण लपवता येणार नाही.

यावर सरकारने काय उपाय शोधला? १५ ऑगस्ट २०२१ ला लाल किल्ल्यावरून जाहीर झाले की सरकारी योजनांतला सगळा तांदूळ २०२४ पर्यंत लोह आणि जीवनसत्त्वे घालून दिला जाईल. म्हणजे आधी गिरणीत तांदूळ घासून त्याचे सत्त्व काढायचे, मग कारखान्यात बनवलेले दाणे त्यात मिसळायचे आणि उपकार म्हणून आमच्या पिशवीत टाकायचे. ज्या धान्यात लोह मुळातच आहे ते रानात उभे आहे, त्याला गिऱ्हाईक नाही. या उफराट्या कारभाराला शहाणपण कसे म्हणायचे?

साखरेचेही तेच. २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीने देशात दहा कोटींवर माणसांना मधुमेह असल्याचे सांगितले. खेड्यातल्या शंभर प्रौढांपैकी जवळजवळ नऊ जण त्यात आहेत. 'राजाचा रोग' म्हणून हसण्याचे दिवस गेले. पांढरा भात लवकर पचतो, रक्तातली साखर झपाट्याने चढते. भाकर हळू पचते, चोथ्यामुळे पोट धरून ठेवते. नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतली, पायवाटेची जागा फटफटीने. अंगमेहनत घटली आणि त्याच वेळी ताट पांढरे झाले. रोग येईल नाही तर काय होईल?

ज्वारी म्हणजे संजीवनी नव्हे

खोटे बोलून चळवळ चालत नाही, म्हणून हेही लिहितो. जुने सगळे सोन्याचे होते असे आम्ही म्हणत नाही. १९६० च्या सुमारास हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या पठारावरच्या गरिबांत एक रोग अभ्यासला, पेलाग्रा. कातडी काळवंडते, जुलाब लागतात, शेवटी माणूस भ्रमिष्ट होतो. हा रोग नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्यांना होत होता. वरण नाही, दूध नाही, भाजी नाही, नुसती भाकर आणि मीठ-मिरची. दोष भाकरीचा नव्हता, भाकरीशेजारी काही नव्हते याचा होता.

आपल्या शहाण्या बायांनी ज्वारी कधी एकटी खाऊ घातली नाही. भाकरीबरोबर तुरीचे वरण, चून, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. खानदेशात कळण्याची भाकर, म्हणजे ज्वारीत उडीद. मराठवाड्यात धपाटे. ज्वारीच्या प्रथिनात जे कमी असते ते डाळीत असते, म्हणून दोन्ही मिळून जेवण पुरे होते. हे ताट रानातूनच आले होते. कपाशीत तुरीचे तास, ज्वारीत मूग-उडीद, बांधाला अंबाडी, रब्बीत करडी आणि जवस. आता रानात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच पीक आणि घरात डाळ विकत. वर सरकारने मे २०२१ मध्ये तुरीची आयात मोकळी केली आणि मुदतीमागून मुदत वाढवत नेली. खाण्याचे तेल निम्म्याहून जास्त परदेशातून येते. तूर पेरणाऱ्याचा भाव पाडायचा, करडी पेरणाऱ्याचा घाणा बंद पाडायचा आणि मग शिबिरात येऊन सांगायचे, डाळ खा!

तेव्हा मधुमेह झालेल्याने 'ज्वारी खातो, आता गोळी कशाला' असे म्हणू नये. चार भाकरी चापल्या तर साखर वाढणारच. डॉक्टरने दिलेली गोळी चालूच ठेवायची. ताट सुधारायचे ते गोळी सोडण्यासाठी नाही, रोगाची वाट अडवण्यासाठी.

आता आपले आपण बघू

सरकारचे माप सरकारच्या पदरात घातले. पण घरातले काही हिशोब दिल्लीत ठरत नाहीत. ते टपरीवर ठरतात, चुलीपुढे ठरतात आणि पंगतीत ठरतात.

पहिला हिशोब खर्ऱ्याचा. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर प्रौढांपैकी २४ जण चघळायचा किंवा मिसरीसारखा बिनधुराचा तंबाखू घेणारे निघाले. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, पण टपरीवर खर्रा घोटला जातोच. वीस रुपयांची पुडी धरा, दिवसाला दोन धरा. वर्षाचे १४,६०० रुपये होतात. आजच्या हमीभावाने ही जवळजवळ चार क्विंटल ज्वारी! भाव वाढवून द्या म्हणून रस्त्यावर बसणारा शेतकरी चार क्विंटल ज्वारी वर्षाला थुंकून टाकतो. आणि बदल्यात घेतो काय? तोंड उघडेनासे होते, घास जात नाही, मग गाठ आणि मग शहरातल्या दवाखान्याची वारी. त्या वारीत विकले गेलेले रान कोणत्या व्यापाऱ्याने लुटले म्हणायचे?

दुसरा हिशोब चहाचा. सकाळी उठल्यावर चहा, रानात जाण्याआधी चहा, जेवल्यावर चहा. चहातल्या तुरट द्रव्याने जेवणातले लोह अडते. जेवण आणि चहा यांत तासा-दीड तासाचे अंतर ठेवले तर एक पैसा खर्च होत नाही. जेवताना लिंबू पिळले, आवळ्याची फोड तोंडी लावली तर तेच लोह जास्त अंगी लागते. यालाही पैसा लागत नाही. आणि लेकराच्या हातात दहा रुपयांची पुडी ठेवताना ध्यानात घ्या, त्यात मैदा, साखर, मीठ आणि पामतेल याशिवाय फारसे काही नाही. त्याच दहा रुपयांत शेंगदाणे येतात, फुटाणे येतात. ज्वारीच्या लाह्या काय फक्त नागपंचमीलाच फोडायच्या असतात?

तिसरा हिशोब फवारणीचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसवर शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्या साली कपाशी डोक्याला लागली होती, औषध तोंडावर येत होते. कंपन्यांचा, खात्याचा जाब मागायचा तो मागूच. पण फवारणीच्या हातानेच खर्रा मळणे, त्याच डब्याने पाणी पिणे, दोन-तीन औषधे मनाने एकत्र कालवणे, वाऱ्याकडे तोंड करून फवारणे हे कोणी करायला लावले नाही. विष कातडीतूनही शिरते. फवारणीचे कपडे वेगळे ठेवा, वेगळे धुवा. हातपाय साबणाने धुतल्याखेरीज भाकरीला हात लावू नका.

चौथा हिशोब सगळ्यात जड आहे आणि तो आपण पुरुषांनी द्यायचा आहे. आपल्या घरात शेवटी कोण जेवते? वेचणीच्या दिवसांत पहाटे उठून सगळ्यांचे डबे भरणारी बाई स्वतः घोटभर चहावर रानात जाते. रात्री गडीमाणसे आणि पोरे उठल्यावर भांड्याच्या तळाला राहिलेले वरण आणि उरलेली शिळी भाकर तिच्या वाट्याला येते. शंभरातल्या ५४ जणींचे रक्त कमी का, याचे उत्तर रेशनच्या दुकानाइतकेच आपल्या पंगतीतही आहे. सरकार शेतकऱ्याला सगळ्यांच्या शेवटी वाढते म्हणून आपण ओरडतो. घरात आपण तेच करत असू तर कोणत्या तोंडाने ओरडायचे? सगळ्यांनी एकदम जेवायला बसावे. वरण आधी तिच्या वाटीत पडावे. याला ठराव लागत नाही, जीआर लागत नाही.

भाकर थापायलाही कष्ट लागतात हे विसरू नका. महिनाभराचे दळण एकदम आणले की पिठाची विरी जाते, भाकर थापताना चिरते आणि बाई वैतागून पोळीकडे वळते. आठ दिवसांचे दळण आणायचे काम गड्यांनी उचलावे. आणि पाहुणा आला की भाकर लपवून पोळी वाढण्याची लाज आता सोडा. ज्या भाकरीचे शहरात पैसे मोजतात तिची लाज आपल्याच घरात कशाला?

जिल्हा बैठकीपुढे आमचे मागणे

घरचे घरी करू. पण तेवढ्याने ज्वारी परत येणार नाही. म्हणून बैठकीत या पाच गोष्टींवर चर्चा व्हावी आणि ठराव व्हावेत.

एक. ज्वारी आणि तूर यांची खरेदी केंद्रे माल बाजारात यायच्या आधी उघडावीत. माल विकून झाल्यावर उघडलेले केंद्र शेतकऱ्याच्या कामाचे नाही.

दोन. रेशनकार्डवाल्याला निवड द्यावी, धान्य हवे की रोख. २०२३ साली राज्य सरकारने मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये देण्याचे ठरवले. हमीभावाने त्यात चार किलो ज्वारी येते. म्हणजे रस्ता आहे. रक्कम भावाबरोबर वाढली पाहिजे आणि ती घरच्या बाईच्या खात्यावर पडली पाहिजे. अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख घरातली थोरली बाईच मानली आहे. पैसे दारूत जातील अशी भीती दाखवणाऱ्यांना हेच उत्तर. आणि ज्याला धान्यच हवे त्याला जिल्ह्यात खरेदी केलेली ज्वारी जिल्ह्यातच, नेमाने मिळावी.

तीन. आपली तूर, सोयाबीन, करडी बाजारात येते त्याच महिन्यांत डाळी आणि तेलाची आयात मोकळी सोडायची नाही.

चार. रानडुकरे आणि रोह्यांनी खाल्लेल्या पिकाची भरपाई खऱ्या नुकसानीइतकी आणि त्याच हंगामात मिळावी. नाहीतर ज्वारी पेरा म्हणणे ही थट्टा आहे.

पाच. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त, साखर आणि रक्तदाब तपासण्याची सोय वर्षभर असावी, शिबिरापुरती नको. फवारणीच्या हंगामात विषबाधेवरची इंजेक्शने तिथे हजर असावीत.

येत्या हंगामात आपल्यापैकी प्रत्येकाने कपाशीच्या रानात घरापुरती का होईना, अर्धा एकर ज्वारी आणि चार तास तुरीचे पेरावेत. बाजारासाठी नाही, चुलीसाठी. ज्याच्या कणगीत वर्षाची ज्वारी आहे तो कापूस विकायला चार दिवस थांबू शकतो. ज्याची कणगी रिकामी आहे त्याला पहिल्याच वेचणीचा माल मातीमोल घालावा लागतो. धड शरीर आणि भरलेली कणगी असलेला शेतकरीच व्यापाऱ्यापुढे आणि सरकारपुढे ताठ उभा राहतो. भाव मागायचा तर आधी उभे राहता आले पाहिजे.

बैठकीला येताना घरच्या बाईलाही बरोबर आणा. या विषयावर आपल्यापेक्षा तिच्याजवळ सांगायला जास्त आहे.